बोर्डाने नाकारले, पुढे काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी ही मंडळी नेहमीचीच. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, मीठ किती खावे, असे प्रश्न असतात. पण आपल्या सातारा जिल्ह्यातून एक प्रश्न असा येतो की जो दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला क्वचितच कोणी विचारत असेल. "डॉक्टरसाहेब, बी.पी. मला फौजेत असताना लागले. भरतीच्या वेळी नव्हते. आता पेन्शनवाले म्हणतात, ते फौजेमुळे नाही. मग कशामुळे?" गेल्या महिन्यात अशी तीन पत्रे आली. एकात रक्तदाबाऐवजी फिट होती, एकात बहिरेपणा. प्रश्न तोच.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि निम्मे कायद्यात. मी डॉक्टर आहे, वकील नव्हे. परंतु ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखे गाव आपल्या नावापुढे 'मिलिटरी' लावते, त्या जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्याला दोन्ही बाजू थोड्याफार समजून घ्याव्याच लागतात. आज त्याविषयीच लिहितो.

सैनिक सेवेतून बाहेर पडताना कमी वैद्यकीय श्रेणीत असेल, तर त्याला लष्करी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभे करतात. सेवा संपताना बसते ते रिलीज मेडिकल बोर्ड. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवायचे असेल तर बसते ते इनव्हॅलिडिंग बोर्ड, आपल्याकडच्या भाषेत 'बोर्ड आउट'. या बोर्डाला मुख्यतः दोन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, अपंगत्व किती टक्के. दुसरी, हा आजार लष्करी सेवेमुळे झाला का, किंवा झाला कशानेही असो, सेवेमुळे वाढला का. टक्केवारी २० किंवा जास्त आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, तर डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत ही अशी.

भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर होते. काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसकडून इंग्रजीत पत्र येते. त्यात ठरलेले वाक्य असते, 'नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस'. म्हणजे, सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. सोबत कारण म्हणून एक-दोन शब्द असतात. 'कॉन्स्टिट्यूशनल डिसॉर्डर', म्हणजे प्रकृतीतलाच दोष. किंवा 'आजार पीस स्टेशनवर सुरू झाला', म्हणजे सीमेवर नव्हे, शांततेच्या ठिकाणी. किंवा हल्ली 'जीवनशैलीचा आजार'. पत्र वाचून माणूस गप्प होतो. डॉक्टरांनीच लिहिले म्हणजे खरे असणार, असे त्याला वाटते. पत्र ट्रंकेत जाते आणि तिथेच राहते.

वास्तविक पाहता डॉक्टरांनी लिहिलेल्या या शब्दांत वैद्यकशास्त्र किती आहे? रक्तदाबाचेच घ्या. दहापैकी नऊ रोग्यांत रक्तदाब वाढण्याचे एकच एक असे कारण सापडत नाही. त्याला आम्ही 'इसेन्शियल' किंवा 'प्रायमरी' म्हणतो. ऐकायला भारदस्त वाटणारा हा शब्द, पण त्याचा अर्थ एवढाच की कारण नेमके सांगता येत नाही. आनुवंशिकता आहे, मीठ आहे, वजन आहे, मनावरचा ताण आहे, अपुरी झोप आहे. उंचावर राहिल्याने रक्तदाब वाढतो हेही माहीत आहे. एखाद्या हवालदाराच्या रक्तदाबात यातला कोणाचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही आणि लष्करी इस्पितळातल्या माझ्यापेक्षा हुशार डॉक्टरालाही येत नाही. तोच माणूस गावात किराणा दुकान चालवत असता तर त्याला रक्तदाब झाला असता का? कदाचित झाला असता. दहा वर्षांनी झाला असता. किंवा झालाच नसता.

फिटचेही तसेच. अनेक रोग्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण मिळत नाही. मात्र सलग जागरणाने फिट येऊ शकते, हे कोणताही डॉक्टर रोग्याला बजावून सांगतो. आणि रात्रीचा पहारा म्हणजे जागरणच. स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार बहुधा विशीच्या आगेमागे डोके वर काढतो, म्हणजे नेमका भरतीनंतरच्या वर्षांत. बीज आधीचे असू शकते, आणि घरापासून दूर, ताणाखाली ते उगवूही शकते. आता यात 'सेवेमुळे नाही' असे छातीठोकपणे कोणी लिहीत असेल तर ते शास्त्र नव्हे, तो शेरा झाला.

इथे वैद्यकशास्त्राची हद्द संपते. जिथे शास्त्राला नक्की सांगता येत नाही तिथे शंका कोणाच्या पारड्यात टाकायची, हा प्रश्न कायद्याचा आहे. आणि कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे.

१९८२ च्या पात्रता नियमांत म्हटले होते की भरतीच्या वेळी कोणताही आजार नोंदलेला नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडून तो बाहेर पडला तर ते बिघडणे सेवेमुळे झाले असे मानायचे. पुरावा देण्याची जबाबदारी जवानावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच. नियम कागदावर इतका उदार होता आणि तरीही नकार येत राहिले, कारण 'प्रकृतीतलाच दोष' हे दोन शब्द लिहिले की काम भागत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात हे दोन शब्द पुरेसे नाहीत असे सांगितले. हा जवान १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, फिट येतात म्हणून २० टक्के अपंगत्वासह घरी पाठवला गेला. बोर्ड म्हणाले, सेवेशी संबंध नाही. उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने पहिला निकाल पुन्हा कायम केला. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. भरतीच्या तपासणीत तुम्हाला आजार दिसला नाही. आता म्हणता तो आधीपासून होता. मग तेव्हा तो का ओळखता आला नाही, याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. नुसते मत नव्हे, कारण. १९९४ ते २०१३ म्हणजे एकोणीस वर्षे. घरी आलेला जवान तोपर्यंत प्रौढ होऊन गेला असणार, हे सोडून देऊ.

त्याच वर्षी, २०१३ मध्ये, स्किझोफ्रेनियाच्या दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तज्ज्ञ डॉक्टरांच्या मतात न्यायालये सहसा हात घालत नाहीत, पण म्हणून ते मत तपासणीच्या पलीकडचेही नाही. त्या जवानाची नव्या मंडळाकडून पुन्हा तपासणी करण्याचा आदेश झाला. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात हेच सूत्र लावले. 'जीवनशैलीचा आजार', 'पीस स्टेशन' एवढे लिहून भागत नाही. सेवेत असताना हा आजार कोणत्या कारणाने झाला ते बोर्डाने दाखवावे लागेल.

एक जुने प्रकरणही सांगण्यासारखे आहे, कारण त्यातून आपल्याकडच्या कारभाराची कल्पना येते. एके काळी डॉक्टरांच्या बोर्डाने 'सेवेमुळे' असे लिहूनही पेन्शनचा हिशेब पाहणारे लेखा कार्यालय, रोग्याला न पाहता, ते मत बदलून टाकत असे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सॅपरच्या खटल्यात हे चूक ठरवले. रोग्याची नाडी न पाहता रोगाचे निदान बदलणारे खाते, याहून अधिक मी काही बोलत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण वाचकांच्या मनात तो प्रश्न असणारच. अपंगत्वाचा जो भाग मिळतो तो १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद झाली. ५० च्या आतले ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यावरचे १००. समजा शेवटचे वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व २० टक्के. साध्या हिशेबाने महिना २,४०० रुपये. टप्प्यावर नेले तर ५० टक्के धरून ६,०००. सरकार आधी हा लाभ फक्त 'बोर्ड आउट' झालेल्यांना देत होते, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. १० डिसेंबर २०१४ च्या 'राम अवतार' निकालाने तो दोघांनाही लागू झाला. आणि जो पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच आजाराने घरी आला, त्याला साधी सेवा पेन्शनही सहसा नसते. त्याच्या बाबतीत हा प्रश्न सहा हजारांचा नसून घर चालण्याचा आहे.

एक इशारा मात्र आधीच देतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून सरकारने नवे पात्रता नियम लागू केले आहेत. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्यांना ते लागू होतात. त्यांची भाषा बदललेली आहे, आजार आणि सेवा यांचा कारणसंबंध दाखवण्यावर अधिक भर आहे आणि 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा नवा शब्दही आला आहे. म्हणून शेजारच्या सुभेदारसाहेबांना मिळाले तसे मलाही मिळेल, असे धरून चालू नये. आपण कोणत्या तारखेला बाहेर पडलो ते वकिलाला पहिल्यांदा सांगावे.

अपील कसे करायचे? नकाराच्या पत्रातच लिहिलेले असते की अमुक मुदतीत, साधारणतः सहा महिन्यांत, पहिले अपील करता येईल. ते फेटाळले तर दुसरे अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण निर्माण झाले आणि २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईला खंडपीठ आहे. खात्यातले अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आले नाही, तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते. त्याचाही निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात रिट करता येते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले.

बरेच जण पहिले अपील स्वतः लिहितात किंवा गावातल्या गुरुजींकडून लिहून घेतात. अशी अपिले मी वाचली आहेत. त्यांत सगळे असते, नसतो तो फक्त मुद्दा. "मी देशाची इमानदारीने सेवा केली, मुलगी लग्नाची आहे, आई आजारी आहे, तरी मायबाप सरकारने दया करावी." हे सगळे खरे असते आणि वाचताना जीव तुटतो, पण अपिलाचा अधिकारी दया करण्यासाठी बसलेला नाही. त्याला बोर्डाच्या कागदातली चूक दाखवावी लागते. भरतीच्या तपासणीत अमुक तारखेला मी 'फिट' होतो. आजार पहिल्यांदा अमुक ठिकाणी, अमुक साली नोंदला गेला. त्याआधीची तीन वर्षे मी अमुक युनिटमध्ये, इतक्या उंचीवर किंवा अशा कामावर होतो. बोर्डाने कारण म्हणून एवढेच शब्द लिहिले आहेत, त्यांना आधार दिलेला नाही. शंकेचा फायदा मला मिळायला हवा. या पाच ओळी पानभर विनवण्यांपेक्षा जास्त काम करतात. चांगला वकील हेच करतो. तो रडत नाही, कागद मांडतो.

आणि कागद मिळवणे हेच निम्मे काम. बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत हवी, केवळ नकाराचे पत्र नव्हे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म हवा. इस्पितळात दाखल झालेल्या वेळचे केस पेपर हवेत. डिस्चार्ज बुकातल्या नेमणुकांच्या नोंदी हव्यात. जे हाती नाही ते माहिती अधिकारात मागता येते. अर्ज दहा रुपयांचा आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. जुने कागद ठरावीक काळानंतर नष्ट केले जातात, म्हणून 'बघू पुढे' म्हणत बसण्यात अर्थ नाही.

उशीर झाला म्हणून सगळेच संपते असेही नाही. १९८३ मध्ये बाहेर पडलेला एक जवान १९९९ मध्ये न्यायालयात गेला होता. पेन्शन दर महिन्याची असते, त्यामुळे नकाराचे नुकसानही दर महिन्याला नव्याने होते, असे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात मानले. पण मागची थकबाकी मात्र याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. उरलेली वर्षे गेली ती गेली.

बहिरेपणाच्या पत्राविषयी दोन शब्द. तोफखान्यातल्या माणसाचे कान एका दिवसात जात नाहीत. आधी बारीक, तीव्र आवाज ऐकू येईनासे होतात. घड्याळाची टिकटिक, लहान मुलाचे बोलणे. माणसाला कळतही नाही. घरची मंडळी म्हणतात, टीव्ही मोठा लावता. कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी धमाक्याने मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा दोष औषधाने बरा होत नाही. अशा माणसाने कानाचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, काढून ठेवावा. पण सेवेत असतानाचा आलेख मिळाला तर त्याची किंमत फार. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी काढलेला आलेख पाहून समोरची बाजू म्हणणारच, वय झाले.

ज्यांची मुले आज सेवेत आहेत त्यांनी हे जरूर सांगावे. दुखापत झाली की तिचा अहवाल लिहिला गेला आहे ना, हे पाहावे. कंपनीत 'कमजोर' म्हणवून घ्यायला नको म्हणून पोरे सिक रिपोर्टला जात नाहीत, दुखणे अंगावर काढतात, आणि पुढे कागदावर दुखणेच नसते. दुसरे, बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाचे स्वतःचे निवेदन असते. हा त्रास भरतीआधी होता का, असा त्यात प्रश्न असतो. वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. इस्पितळात घाबरलेली आई "लहानपणी एकदा ताप डोक्यात गेला होता" असे बोलून जाते, कोणीतरी ते लिहून घेते, आणि तेच वाक्य पुढे अपिलाच्या आड येते. खोटे सांगा असे मी म्हणत नाही. लहानपणच्या तापातला झटका आणि मोठेपणीची फिट या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे डॉक्टरला विचारून लिहून घ्यावे एवढेच.

रजेवर घरी असताना झालेल्या अपघाताचा प्रश्नही विचारला जातो. तिथे कायदा कडक आहे. सेवेत आहे एवढ्याने पुरत नाही, अपघाताचा लष्करी कामाशी काही संबंध दाखवावा लागतो. विहिरीवर मोटर बसवताना हात गेला तर वकिलाने खोटी आशा दाखवू नये.

आता दुसरी बाजू, कारण तीही आहे. मोठ्या हुद्द्यावरचे लोक तीस-पस्तीस वर्षे सेवा करून, निवृत्तीच्या तोंडावर सौम्य रक्तदाबाची नोंद करवून हा लाभ घेतात, अशी टीका होते. टीका सर्वस्वी निराधार आहे असे मला वाटत नाही. निवृत्तीच्या वयाला रक्तदाब कोणाला नसतो? पण त्यावरचा उपाय म्हणून सगळ्यांनाच एका साच्यातले नकाराचे वाक्य पाठवायचे, हा न्याय नव्हे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला वकील परवडतो, मुंबई-दिल्ली परवडते. सरसकट नकाराचा मार बसतो तो नऊ वर्षांत घरी आलेल्या शिपायाला, ज्याला पत्रातले इंग्रजी वाक्यही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. गैरफायदा थांबवायचा तर बोर्डाने प्रत्येक माणसामागे दहा ओळींचे कारण लिहावे. त्याने खोटाही पकडला जाईल आणि खऱ्यालाही मिळेल.

सरकारलाही हे ठाऊक नाही असे नव्हे. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. निकाली निघालेल्या मुद्द्यांवर सैनिकांविरुद्ध अपिले करत राहू नयेत, असे त्या समितीने त्याच वर्षी सुचवले. त्यानंतरही खटले चालूच राहिले आहेत. माझ्या मते हा खर्च वैद्यकीयदृष्ट्याही वाईट आहे. ज्याला रक्तदाबासाठी ताण टाळा असे मी सांगतो, त्याला त्याचेच खाते दहा वर्षे तारखांच्या ताणात ठेवते.

मनाच्या आजारात तर अवस्था आणखी बिकट. ज्याने लढायचे तोच आजारी. माझ्याकडे एक वहिनी येतात. नवरा विशीत फौजेतून परत आला, तो कोणाशी बोलत नाही, कधी रात्रीच उठून चालू लागतो. गावात 'येडा झाला' म्हणून मोकळे झाले. वहिनींनी पंधरा वर्षे मोलमजुरी केली आणि नकाराचे पत्र देवाच्या फोटोमागे जपून ठेवले. ते पत्र फेकले नाही, हे त्यांचे मोठे शहाणपण. पत्रावरची तारीख, संदर्भ क्रमांक, कारणाचे शब्द, सगळे त्यात होते. वकिलाला सुरुवात करायला तेवढे पुरले. प्रकरण सध्या चालू आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. अशा घरांना मी सांगतो की औषध चालू ठेवणे आणि कागद चालू ठेवणे, दोन्ही एकाच वेळी करायचे. आजाऱ्याची नियमित चिठ्ठी असली की अपंगत्व आजही टिकून आहे, हे दाखवता येते.

माझ्या डॉक्टर बंधूंनाही यात काम आहे. माजी सैनिक दाखला मागायला येतो तेव्हा 'सदर व्यक्ती रक्तदाबाची रुग्ण आहे' एवढी ओळ खरडून देऊ नये. कधीपासून, काय उपचार, त्याने सांगितलेला पूर्वेतिहास काय, तपासणीत काय दिसले, हे तारखेसह लिहावे. जे आपल्याला माहीत नाही ते लिहू नये. 'सेवेमुळेच झाले' असा दाखला आपण देऊ शकत नाही. दिला तर तो टिकणार नाही आणि रोग्याचेच नुकसान होईल. 'दीर्घ जागरण आणि ताण यांनी हा आजार वाढू शकतो' हे मात्र प्रामाणिकपणे लिहिता येते.

राहिला खर्च. 'केस जिंकली की थकबाकीतले निम्मे' असा सौदा करणारे लोक तालुक्याच्या बाजारात फिरतात. वकिलाला असा सौदा करायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. जो करतो तो एकतर वकील नाही, किंवा वकील असून नियम मोडतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नये. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अपंग व्यक्ती, मनोरुग्ण, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. शिवाय २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. तीत सैनिक कल्याण कार्यालयांतून सैनिकांच्या कुटुंबांना कायद्याची मदत देण्याची व्यवस्था आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिली फेरी मारावी ती याचसाठी. जाताना नकाराचे पत्र, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाचा कागद असेल तर तो, एवढे बरोबर न्यावे. अर्ज साध्या कागदावर, मराठीतही लिहिता येतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्या वतीने बायकोने किंवा मुलाने गेले तरी चौकशी करता येते.

ज्या तीन वाचकांची पत्रे आली त्यांना मी वेगळे उत्तर पाठवले आहे. बहिरेपणाच्या पत्रात नकाराची तारीख दिलेली नव्हती. ती कळवावी, कारण सहा महिन्यांतले किती उरले आहेत ते तिच्यावरूनच कळेल.